बायकोचा रिपोर्ट म्हणजे तुमचा रिपोर्ट नव्हे

ताई, नमस्कार. माझं वय ३६. मूळ गाव सातारा जिल्ह्यात, नोकरी चाकण एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत लाइन सुपरवायझर आहे. २०१९ साली कंपनीच्या कामासाठी आठ महिने गुजरातमध्ये होतो, बायको गावी होती. तेव्हा दोन-तीनदा माझं पाऊल घसरलं. त्यानंतर पुन्हा कधीच नाही. २०२१ मध्ये दुसरी मुलगी झाली. बायकोच्या गरोदरपणात सरकारी दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या, त्यात एचआयव्हीचीही झाली, निगेटिव्ह आली. तेव्हा मी सुटकेचा निःश्वास टाकला. नंतर शिवजयंतीच्या शिबिरात रक्तदानही केलं, रक्तपेढीचा फोन आला नाही. पण गेल्या १ डिसेंबरला कंपनीत आरोग्य शिबिर होतं. शुगर-बीपीला ही रांग, आणि एचआयव्हीच्या टेबलाकडे कुणी फिरकेना. मी त्या बाजूला वळलो तर मागून एकजण म्हणाला, "काय साहेब, काय भानगड केलीत?" सगळे हसले, मीही हसलो आणि चहाला निघून गेलो. तेव्हापासून रात्रीची झोप नाही. टेस्ट करायची खरंच गरज आहे का? कंपनीला कळलं तर नोकरी राहील का? आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात चुलतभाऊ कामाला आहे, तिथे जायची सोय नाही. आणि बायकोला काय सांगू?
– एक वाचक, चाकण

भाऊ,

टेस्ट करा. तुम्हाला लागण झालीच असेल असं मला वाटतं म्हणून सांगत नाही. पत्रावरून तरी ती नसण्याचीच शक्यता जास्त दिसते. पण तुम्ही इतकी वर्षं दुसऱ्यांच्या कागदांत स्वतःचं उत्तर शोधताय, आणि ते तिथे सापडणार नाही.

एका सरकारी रुग्णालयाच्या समुपदेशन केंद्रात मी बरीच वर्षं काम केलं. आमच्याकडे येणाऱ्या बायका बहुतेक गरोदरपणात आलेल्या असत. हिमोग्लोबिन, रक्तगट, लघवी, त्यातच ही एक तपासणी. तिला कुणी "काय भानगड" विचारत नाही, कारण ती रांगेतल्या सगळ्याच जणींची होते. पुरुष यायचे ते टीबी निघाला म्हणून, ऑपरेशनआधी डॉक्टरांनी चिठ्ठी दिली म्हणून, नाहीतर बायकोची पॉझिटिव्ह आली म्हणून. तिशी-चाळिशीतला, धडधाकट, दर महिन्याला पगार घेणारा माणूस आपणहून उठून आला असं फार क्वचित घडे. बायकोबरोबर आलेल्या नवऱ्याला "तुमचीही करून घ्या" म्हटलं की ठरलेलं उत्तर मिळे, "तिची निगेटिव्ह आली ना मॅडम, मग माझं काय काम?" आणि तो बाहेर पार्किंगमध्ये जाऊन उभा राहायचा.

तुम्हीही तेच केलंत, फक्त मनातल्या मनात. एचआयव्ही प्रत्येक संबंधातून पुढे जातोच असं नाही. नवऱ्याला आहे आणि बायकोला वर्षानुवर्षं नाही, किंवा उलट, अशी जोडपी एचआयव्हीची औषधं देणाऱ्या कोणत्याही एआरटी केंद्रात भेटतात. तुमच्या पत्नीचा २०२१ चा कागद एवढंच सांगतो की त्या वेळी तिच्या रक्तात लागण सापडली नाही. तुमच्या रक्ताबद्दल तो काहीच सांगत नाही, आणि त्यानंतरच्या तिच्या रक्ताबद्दलही नाही.

रक्तदानाचं वाचून मात्र मी रागावले. रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासणी होते, हे खरं. त्यामुळे तुमच्या बाबतीत तो दिलासा अगदीच पोकळ नाही. पण फोन न येणं म्हणजे रिपोर्ट नव्हे. फॉर्मवरचा नंबर चुकलेला असतो, निकाल कळवायचा का या रकान्यात आपण काय खूण केली ते आठवत नसतं, शिबिराच्या गर्दीत कुणी नीट वाचूनही घेत नाही. आणि त्याच फॉर्मवर जोखमीच्या संबंधांबद्दलही प्रश्न असतो. तिथे तुम्ही काय लिहिलंत ते मी विचारत नाही, तुम्हाला माहीत आहे. "फुकटात टेस्ट होऊन जाते" म्हणून रक्त देणारे मी पाहिले आहेत. संबंधानंतर पंधरा दिवसांत असा माणूस रक्त द्यायला गेला तर लागण असूनही ती तपासणीत न सापडण्याची शक्यता असते, आणि ती पिशवी एखाद्या बाळंतिणीला किंवा थॅलेसेमियाच्या पोराला चढते. टेस्ट तर सरकारी केंद्रात तशीही फुकटच आहे.

राहिली तब्येत. "मला काही होत नाही, वजन उलट वाढलंय" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की विचारू नका. औषध न घेताही लागण झाल्यावर आठ-दहा वर्षं माणूस ठणठणीत दिसू शकतो. तुमची २०१९ पासूनची वर्षं त्या हिशेबात आरामात बसतात. कंपनीच्या वार्षिक मेडिकलमध्ये तुम्ही 'फिट' निघाला असाल, तर त्यात तुमची संमती घेतल्याशिवाय ही तपासणी करताच येत नाही. म्हणजे तोही कागद या प्रश्नावर गप्पच.

आता ते टेबल. अशा टेबलामागे मीही बसलेय. कॅन्टीनच्या दाराशी लाल रिबिनीचा मोठा बॅनर, त्याखाली आम्ही दोघी, आणि समोर जेवणाची अख्खी रांग. तिथे कोण येणार? माणसं चार हातांवरून माहितीपत्रक उचलायची, "एका मित्राला द्यायचंय" म्हणायची. एकदा बॅनर गुंडाळून झाला, किटचा डबा बंद केला, आणि सुरक्षा विभागाचा एक माणूस आला, म्हणाला, "सगळे गेले का?" मी हो म्हटलं तेव्हा खुर्चीवर बसला. अशी शिबिरं भरवणाऱ्या एचआर खात्याला माझं म्हणणं आहे की हा तुमच्या कामगारांचा निष्काळजीपणा नाही, तुम्ही टेबल चुकीच्या जागी लावलंय.

शुगर तपासली म्हणून कुणी तुम्ही जिलेब्या किती खाल्ल्या ते विचारत नाही. ही टेस्ट केली की मात्र ती कबुली धरली जाते. त्यामुळे ज्याला खरंच शंका आहे तोच टेबलापासून सर्वांत लांब उभा राहतो. तुमच्या मागून जो बोलला त्यानेही टेस्ट केलेली नसणार, हे मी लिहून देते.

यामागे जुन्या भीतीचाही हात आहे. तुम्ही शाळेत असाल तेव्हा एसटी स्टँडच्या भिंतींवर काय रंगवलेलं असायचं, आठवा. हाडांचा सापळा आणि मृत्यू. तेव्हा ते काही खोटं नव्हतं, औषध सामान्य माणसाच्या आवाक्यातच नव्हतं. सरकारने मोफत एआरटी सुरू केली ती १ एप्रिल २००४ ला, आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयापासून. पुढेही काही वर्षं रोगप्रतिकारक पेशी ठरावीक आकड्याखाली उतरेपर्यंत गोळ्या देत नसत. २०१७ पासून धोरण बदललं: लागण सापडली की लगेच औषध. आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. ती नेमाने घेतली आणि रक्तातला विषाणूभार मोजता येणार नाही इतका खाली राहिला, तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. अशी माणसं नोकरी करतात, नाइट मारतात, त्यांना मुलं होतात. तुमच्या शेजारच्या मशीनवर असा कुणी असेल तर तुम्हाला कळणारही नाही. देशात सर्वाधिक एचआयव्हीबाधित महाराष्ट्रात आहेत, अंदाजे चार लाखांच्या आसपास. आणि देशपातळीवरच्या अंदाजानुसार बाधितांपैकी साधारण पाचात एकाला आपल्याला लागण आहे हेच ठाऊक नाही. ज्याला माहीत नाही त्याला औषध नाही, आणि मग आजार टीबी किंवा न्यूमोनियाचं रूप घेऊन आयसीयूत पुढे येतो. उशिरा आलेल्यांचे हाल मी पाहिलेत. त्यातले बरेचजण आधीच आले असते तर ते टळले असते.

कुठे जायचं? तालुक्याला नको म्हणता ना, नका जाऊ. सरकारी केंद्रात रहिवासाचा दाखला लागत नाही, महाराष्ट्रात कुठेही जा. तुम्हाला पिंपरीचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय जवळ, नाहीतर औंधचं जिल्हा रुग्णालय, नाहीतर ससून. गर्दीच्या मोठ्या रुग्णालयाचा हाच फायदा, कुणी कुणाकडे बघत नाही. दारावर 'एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र' असं लिहिलेलं असतं, पण केसपेपरच्या खिडकीवर एवढं लांब नाव घ्यायची गरज नाही. "आयसीटीसी कुठे?" म्हटलं की खोली दाखवतात. (गंमत बघा, देशातली एड्सवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९९२ पासून तुमच्या पट्ट्यातच, भोसरी एमआयडीसीत आहे. कंपन्यांच्या बसगाड्या रोज तिच्या आसपासून जातात.)

वेळ ओपीडीची, म्हणजे सकाळची. खाडा करून जाऊ नका, खाडा केला की कारण सांगावं लागतं. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळी जा आणि तिथून थेट कामावर.

आत गेल्यावर समुपदेशक दार लावून घेईल. ती व्यक्ती बाई असेल किंवा पुरुष. प्रश्न विचारतील, त्यातले काही खाजगी असतील. ते जोखीम कधीची आणि कशी एवढं समजून घेण्यासाठी असतात, तिथे कुणाला तुमच्या चारित्र्यात रस नसतो. दिवसभरात त्यांनी याहून कितीतरी जास्त ऐकलेलं असतं. मग टेस्ट म्हणजे काय ते सांगून तुमची संमती घेतील. संमतीशिवाय ही टेस्ट करता येत नाही, आणि ऐनवेळी "आज नको" म्हणायचाही तुम्हाला हक्क आहे. शेजारच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन दंडाला पट्टा बांधून थोडं रक्त घेतो. ते रॅपिड किटवर तपासतात आणि बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी उत्तर मिळतं. पहिलं किट निगेटिव्ह आलं की विषय संपला. ते पॉझिटिव्ह दिसलं, तर त्याच रक्ताची आणखी दोन वेगळ्या प्रकारच्या किटवर तपासणी होते. तिन्हींचं एकमत झालं तरच रिपोर्टवर पॉझिटिव्ह लिहितात. म्हणून कुठल्या खाजगी लॅबमध्ये एकच टेस्ट करून पॉझिटिव्ह आली, तर छाती दडपून घ्यायची नाही, तो कागद घेऊन सरकारी केंद्रात जायचं.

संबंधानंतर साधारण तीन महिने टेस्टला लागण न दिसण्याची शक्यता असते. तुमचे ते तीन महिने केव्हाच उलटून गेलेत. तुमची निगेटिव्ह आली तर ती पक्की निगेटिव्ह, "अजून सहा महिन्यांनी बघू" असला घोळ मनात ठेवू नका. जमलं तर त्याच फेरीत सिफिलिसचीही करून घ्या, विचारलंत तर करतात.

रिपोर्ट समुपदेशक तुमच्याच हातात देतात, समोर बसवून. फोनवर सांगत नाहीत, भावाच्या हातात देत नाहीत. चुलतभावाच्या भीतीचं तेवढं सांगते: रुग्णाची माहिती त्याच्या संमतीशिवाय बाहेर फोडायला कायद्याने मनाई आहे. पण गावात कायद्याआधी बातमी पोचते हे मलाही कळतं, म्हणूनच पिंपरीला जा म्हटलं.

नोकरीचं जरा सविस्तर सांगते, कारण या भीतीपायी टेस्ट टाळणारे फार आहेत. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयात एक खटला झाला. एका सरकारी महामंडळातला रोजंदारी कामगार कायम व्हायच्या वेळी मेडिकलमध्ये एचआयव्हीबाधित निघाला. तो काम करायला सक्षम होता, तरी त्याचं नाव यादीतून काढलं. न्यायालयाने त्याला नाव गुप्त ठेवून लढू दिलं आणि निकाल दिला की काम करू शकणाऱ्या, इतरांना धोका नसलेल्या माणसाला निव्वळ या कारणावरून नोकरी नाकारता येणार नाही. पुढे संसदेने २०१७ मध्ये एचआयव्ही-एड्सचा स्वतंत्र कायदा केला, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तो सरकारी कचेरीला लागू आहे तसाच खाजगी कंपनीलाही. नोकरी देण्यासाठी किंवा टिकवण्यासाठी ही टेस्ट करायला लावता येत नाही. नुसती लागण आहे म्हणून काढता येत नाही. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो, आणि राज्यात लोकपालाकडे दाद मागता येते.

हे झालं कागदावरचं. व्यवहारात कंपनी "तुला लागण आहे म्हणून काढतो" असं कधी लिहून देत नाही. ठेक्यावरच्या माणसाचा ठेका वाढवत नाहीत, कायम माणसाची बदली करतात, डबा कुणी शेजारी बसून खात नाही. तेव्हा माझा सल्ला साधा आहे. कंपनीला सांगायचंच नाही. तसं बंधन तुमच्यावर नाही. तुमच्या कामाशी, मशीनशी, हाताखालच्या पोरांशी या गोष्टीचा संबंध नाही. सरकारी केंद्राचा रिपोर्ट कंपनीकडे जात नाही. औषध सुरू करावं लागलं तरी ते एआरटी केंद्रातून मिळतं, कंपनीच्या मेडिक्लेममधून नाही, आणि प्रकृती स्थिरावली की एका खेपेला दोन-तीन महिन्यांचंही देतात. एचआर कितीही भला वाटला तरी मन मोकळं करायला ती जागा नाही.

आता बायको.

टेस्ट होईपर्यंत कंडोमशिवाय संबंध नको. तिने "आता हे काय मधेच?" विचारलं तर काय, असं तुम्ही म्हणाल. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, दुसऱ्या पाळीने दमलोय म्हणा. म्हणूनच टेस्ट पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

निगेटिव्ह आली, तर २०१९ चं तिला सांगायचं की नाही हे ठरवणारी मी कोण? विचारलंत म्हणून माझं मत देते: आरोग्यासाठी सांगायची तेव्हा गरज उरत नाही. सांगावंसं वाटलं तर आधी स्वतःला विचारा की हे तिच्यासाठी आहे की आपल्या छातीवरचा दगड तिच्या छातीवर ठेवण्यासाठी. या सदराच्या बऱ्याच वाचक भगिनींना हे पटणार नाही, त्यांची पत्रं येतील, आणि त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. तिला आपल्या संसाराची खरी हकीकत कळायला हवी असं मानणारी बाजू मी खोटी म्हणत नाही. पण तुमच्या झोपेचं औषध म्हणून ती कबुली वापरू नका.

पॉझिटिव्ह आली तर मात्र निवड उरत नाही. तिची टेस्ट व्हायलाच हवी, आणि त्यासाठी तिला कळायलाच हवं. हे एकट्याने करायचं नसतं. समुपदेशकाला सांगा, तो दोघांना समोर बसवून बोलायला मदत करतो, बोलायचं काय याची तयारीही करून घेतो. तुम्ही टाळत राहिलात आणि जोडीदाराला धोका आहे असं डॉक्टर किंवा समुपदेशकाला वाटलं, तर तुम्हाला पुरेशी संधी आणि समज देऊन झाल्यावर ते स्वतः तिला सांगू शकतात, कायद्याने तशी मुभा आहे. मी तुमच्या जागी असते तर ते तिला दुसऱ्याच्या तोंडून कळू दिलं नसतं. तिची निगेटिव्ह आली तर मुलींचा प्रश्नच येत नाही. पॉझिटिव्ह आली तर धाकटीची टेस्ट करावी लागेल, आणि तिघांनाही औषधोपचार आहेत.

आणखी एक. "चल, दोघं फुल बॉडी चेकअप करून येऊ" म्हणून तिला न सांगता तिची टेस्ट उरकायची, ही युक्ती अनेकांना सुचते. ती करू नका. जी संमती कायद्याने तुमच्याकडून घ्यायला हवी, तीच तिच्याकडूनही घ्यायला हवी. शिवाय चेकअपच्या बिलावर प्रत्येक तपासणीचं नाव छापलेलं असतं, आणि बायका बिलं वाचतात.

या पत्रामुळे ज्यांना स्वतःचं काही आठवलं असेल त्यांच्यासाठी एवढंच: गोष्ट कालपरवाची असेल तर हे वाचत बसू नका. लागण रोखण्यासाठी संबंधानंतर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायच्या गोळ्या असतात. जितक्या लवकर, तितकं बरं, म्हणून आज रात्रीच मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जाऊन विचारा.

तुम्हाला मात्र तेवढी घाई नाही. केंद्रात जायच्या आधी कुणाशी तरी नुसतं बोलावंसं वाटलं तर १०९७ ही सरकारची टोल फ्री हेल्पलाइन आहे. मराठीत बोलता येतं, नाव सांगायची सक्ती नाही. शिफ्ट सुटल्यावर पार्किंगमध्ये गाडीवर बसूनही हा फोन करता येईल.

– तुमची ताई